एकूण तीन, हजर दोन

तुमच्या घरी संध्याकाळी साडेसहाला काय होतं मला माहीत नाही. आमच्या घरी गिनती व्हायची.

दाराशेजारी खिळ्याला एक पाटी टांगलेली. माझे वडील, म्हणजे अण्णा, तिच्यापुढे उभे राहायचे, हातात खडूचा तुकडा, आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "हजर?" मी चहा गाळत असो, केस पुसत असो, नाहीतर अगदी त्यांच्या शेजारीच उभी असो, "हजर" म्हणायचं. "हो" म्हटलेलं चालत नसे. एकदा गंमत म्हणून "नाही" म्हटलं, तर माणूस दोन दिवस अबोला धरून बसला. उत्तर मिळालं की पाटीवर लिहायचे: एकूण तीन, हजर दोन. मग जाळीचं दार ओढायचं, वरची कडी, खालची कडी, मधे कुलूप, आणि किल्ली दोऱ्यात ओवून बनियनच्या आत. माझं वय एकेचाळीस. हे सांगायचं राहिलंच.

अण्णा चौतीस वर्षं तुरुंगात होते. हे वाक्य मी मुद्दाम असंच टाकते, ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सकाळी बराकी उघडण्याआधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर माणसं मोजायची, हे त्यांचं काम. आकडा जुळला की ओरडायचं, "गिनती बराबर!" नाही जुळला तर अख्ख्या तुरुंगात कोणी जागचं हलायचं नाही. कैदी नाही, शिपाई नाही, खुद्द साहेबसुद्धा नाही. चौतीस वर्षांत अण्णांनी एकदाही खोटी गिनती दिली नाही. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगते, मलाही होता. गल्लीत त्यांना गिनतीमास्तर म्हणायचे. अर्थात पाठीमागे.

त्यांचा एक नियम होता. "मेला तर प्रेत दाखव, सुटला तर कागद दाखव. दोन्ही नसेल तर पळाला." आमचं घरही याच नियमावर चालायचं. आई नऊ वर्षांपूर्वी गेली, तिला अण्णांनी स्वतःच्या हातांनी पोचवलं, म्हणून पाटीवर चाराचे तीन झाले. माझा मोठा भाऊ, दादा, अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी चपला घालून बाहेर पडला तो परत आलाच नाही. आधी जहाजावर लागला, मग लांब कुठेतरी स्थायिक झाला. मला कामावर फोन करतो, त्याला बायको आहे, एक मुलगी आहे. पण त्याचा ना कागद, ना प्रेत. म्हणजे दादा पळालेला. आणि पळालेल्याचं नाव गिनतीतून कमी होत नाही, रोज त्याची गैरहजेरी लागते. एकूण तीन, हजर दोन. अठरा वर्षं हा आकडा कधी जुळला नाही आणि अण्णांनी तो कधी जुळवूनही घेतला नाही.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, मग पक्की कवळी. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ना, मी दोन्ही एकाच कवळीत देते. बावीस वर्षं लोकांना हसायला दात देतेय आणि स्वतः साडेसहाच्या आत घरी पोचण्यासाठी बसमागे धावतेय. तर आमच्या लॅबच्या बाईंनी तीन तासांवरच्या गावात दुसरी लॅब काढली आणि मला म्हणाल्या, "ती तूच सांभाळ. वर राहायला खोली आहे, खिडकी मोठी आहे. दोन महिने आहेत हातात, मग एक तारखेला हजर हो." त्यांनीसुद्धा नेमका तोच शब्द वापरावा! मी नेमणुकीचं पत्र घेतलं, पर्सच्या अस्तरात सरकवलं आणि बसमध्ये बसून रडले. आनंदानं रडले का भीतीनं, मला आजही सांगता येणार नाही.

अण्णांना सांगायचं कसं? सरळ सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. काहीच म्हणाले नसते. कुलूप लावून खुर्ची दाराला टेकवून बसले असते. आणि मी न सांगता गेले असते तर दादाच्या रांगेत जमा. म्हणून मी एक शक्कल लढवली. अण्णांना मोजायला काहीतरी आणून द्यायचं. त्यात ते रमले की हळूच सांगू. थोडक्यात, माझ्या जागी मासे ठेवून मी निघणार होते. ऐकायला बरं वाटत नाही ना? मलाही वाटत नव्हतं.

माशांचं दुकान बसस्टॉपच्या मागे. दुकानदार सत्तरीचा, कानात ऐकायचं यंत्र, तेही बहुतेक वेळा बंद. त्यानं आधी गोड्या पाण्यातले मासे दाखवले. अण्णा पाच मिनिटं बघून म्हणाले, "सगळे सारखेच आहेत. यांची ओळखखूण काय लिहायची?" दुकानदार हसला आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे समुद्राच्या पाण्याच्या टाक्या होत्या. एक नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. एक निळा, शेपटी तेवढी पिवळी. अण्णांनी खिशातून चष्मा काढला तेव्हाच मी ओळखलं, मासा गळाला लागला.

समुद्राची टाकी म्हणजे साधं काम नाही. मिठाचं पाणी मापून तयार करायचं, पंप, दिवा आणि मुख्य म्हणजे दगड. समुद्रातून आणलेला, भोकाभोकांचा. त्याला ते लोक जिवंत दगड म्हणतात, कारण त्यात बारीकसारीक जीव राहतात आणि पाणी चांगलं ठेवतात. दुकानदार सात-आठ लहान दगड देत होता. अण्णा म्हणाले, "आठ दगड म्हणजे आठ आडोसे. एकच मोठा द्या, मधोमध ठेवतो, चारी बाजूंनी नजर जाते." त्यांनी स्वतः निवडला, चांगला भोपळ्याएवढा. दुकानदारानं बजावलं, "महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवा बरं का. आतून काय काय निघतं ते बघा आणि मगच टाकीत घाला."

"दगडाची कसली झडती घ्यायची?" अण्णा म्हणाले आणि चक्क हसले.

चौतीस वर्षांत त्यांनी पाव मोडून बघितले होते, साबणाच्या वड्या चिरून बघितल्या होत्या, चपलांचे तळ उसवून बघितले होते. भिंतीची झडती घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दगड थेट टाकीत गेला.

महिनाभर नुसतं पाणी आणि दगड. पाणी मुरावं लागतं म्हणे. अण्णा रोज रिकाम्या बराकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. मग सहा मासे आले. अण्णांनी त्यांना नावं दिली नाहीत, नंबर दिले. एक आणि दोन, पट्टेवाले नारिंगी. तीन, पिवळा, डाव्या डोळ्यामागे करडा डाग. चार, तो निळा. पाच आणि सहा, तळाशी वाळूत बसून राहणारे दोन गरीब जीव. जुन्या वहीत सहा जणांच्या ओळखखुणा लिहिल्या. सकाळी सहाला गिनती, संध्याकाळी माझ्यानंतर पुन्हा गिनती. "सहा. गिनती बराबर!" इतक्या वर्षांनी तो शब्द घरात पहिल्यांदा ऐकला. माझा बाप हसत होता. वाटलं, जमलं बुवा. आता फक्त चांगला दिवस बघून सांगायचं.

पाचव्या दिवशी सकाळी चार नंबर गायब.

"कोणी हलायचं नाही," अण्णा म्हणाले. घरात आम्ही दोघंच, तेव्हा 'कोणी' म्हणजे मीच. त्यांनी टाकीमागे बघितलं, सोफा ओढला, पंपाची जाळी काढली, माझ्या चपला उलट्या करून बघितल्या. मासा नाही, काटा नाही, खवलासुद्धा नाही. "मेला असेल हो अण्णा," मी म्हटलं. "मग प्रेत दाखव." मी कुठून दाखवू? दहा वाजता कुलूप उघडलं. लॅबमध्ये बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

त्या दिवशी अण्णांनी टाकीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून कपड्यांचे चिमटे लावले. तीन दिवसांनी सहा नंबर गेला. त्यानंतर पाच. आता त्यांचा संशय समोरच्या काकूंच्या मांजरीवर. काकू म्हणजे आमच्या मजल्यावरच्या विधवा बाई, जिभेला हाड नाही पण मनानं लोणी. वाटीभर साखर मागायला आल्या तर अण्णा म्हणाले, "पिशवी उघडा."

"अगं बाई! माझी झडती घेता?" काकू कडाडल्या. "माझी मांजर आंधळी आहे हो एका डोळ्यानं, तिला बशीतलं दूध दिसत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!" आणि त्यांनी पिशवी खरंच टेबलावर पालथी केली. त्यातून लोकरीचा गुंडा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि मीच बनवलेली त्यांची कवळी निघाली. मला हसू आवरेना. अण्णांना मात्र हसू आलं नाही. ते हळूच म्हणाले, "आतल्या माणसाशिवाय कोणी पळत नसतो. कुंपणच शेत खातं." आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मासे कमी होत गेले तशी माझ्या पायातली दोरी आखूड होत गेली. गिनती दोनाची चार झाली. मी न्हाणीघरात गेले तर बाहेरून, "हजर?" लॅबमध्ये दर तासाला फोन, "हजर?" सगळ्या मुली ऐकायच्या. पगारी नोकरी करणारी बाई कानाला फोन लावून भिंतीकडे तोंड करून म्हणतेय, "हजर, अण्णा." खिडक्यांना आतून तार बांधली. मी रात्री स्वयंपाक करताना गुदमरायचे, खरंच गुदमरायचे, श्वास अर्ध्यात अडकायचा. आणि त्या सगळ्यात दिवसभर कुठूनतरी बारीक आवाज यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मला वाटायचं पंप बिघडलाय. अण्णा म्हणायचे, "बराकीत कैदी भिंतीवर असंच ठोकतात. बाहेरच्याला निरोप देतात."

एक तारीख सोमवारी येत होती. आदल्या शुक्रवारी सकाळी माझी नजर टाकीकडे गेली. तीन नंबर, तो पिवळा, दिसेना. अण्णा अजून आंघोळीला होते. आता हा गेल्याचं त्यांना कळलं असतं तर मला लॅबमध्येही जाऊ दिलं नसतं, सोमवार तर लांबच. मी "तीन दगडामागे आहे" म्हणून ठोकून दिलं आणि सटकले. संध्याकाळी येताना दुकानातून हुबेहूब तसाच पिवळा मासा घेतला. डब्याच्या पिशवीत लपवून आणला आणि अण्णा गॅलरीत कपडे काढायला गेले तेवढ्यात टाकीत सोडला.

म्हणजे ज्या घरात चौतीस वर्षं खोटी गिनती झाली नाही, त्या घरात ती मी केली.

शनिवारी सकाळी अण्णा टाकीसमोर खूप वेळ वाकून उभे होते. मग त्यांनी वही काढली, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "हा तीन नाही," ते म्हणाले.

"तीनच आहे. पिवळा आहे ना?"

"तीनच्या डाव्या डोळ्यामागे डाग होता. हा तोतया आहे." ते वळले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट. "पर्स आण."

मी पर्स दिली. नाही म्हणायचं सुचलंच नाही, चाळीस वर्षांची सवय. त्यांनी कंगवा काढला, रुमाल, बसचा पास, आणि मग अस्तर बोटांनी चाचपलं. ज्या बोटांनी आयुष्यभर चपलांचे तळ चाचपले त्यांना कागद सापडणार नाही असं मला वाटलं तरी कसं? त्यांनी पत्र उघडलं आणि उभ्यानं सगळं वाचलं.

"पळायचा बेत," ते म्हणाले. "मासे त्यासाठी आणलेस."

"हो," मी म्हटलं. "त्यासाठीच आणले. तुमच्यासमोर कुणीतरी मोजायला असलं की मी निघणार होते. चुकलं माझं. पण विचारून गेले असते तर सोडलं असतंत?"

त्यांनी पत्र पुन्हा वरून वाचायला घेतलं.

"मी कैदी आहे का अण्णा? कैद्याला निदान सुटायची तारीख माहीत असते. माझी तारीख कधी सांगितलीत तुम्ही?"

मी असं कधी बोलले नव्हते. अण्णांनी पत्राची घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली, जाळीला कुलूप लावलं आणि खुर्ची दाराला टेकवून बसले. जे होणार हे ठाऊक होतं तेच झालं. माझा फोनही त्यांच्या खिशात.

तो शनिवार आणि तो रविवार मी विसरणार नाही. दोन खोल्या, एक गॅलरी, तीही तारेनं बांधलेली. मी भरलेली बॅग पलंगाखाली सरकवून ठेवली होती आणि तिच्यावर पाय ठेवून बसले होते. खालून रिक्षा जात होत्या, कुणीतरी गाडी धूत होतं, समोरच्या गच्चीवर बाई गाद्या वाळत घालत होती. सगळं जग आपापल्या कामाला मोकळं आणि मी कवळीतल्या दातासारखी जागच्या जागी घट्ट. बापाचा राग येत होता, आणि त्याच्या खांद्याची हाडं बनियनमधून दिसत होती त्याची कीवही येत होती. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस काहीच करू शकत नाही. आम्ही जेवलो, भांडी घासली, गिनती झाली. "हजर?" "हजर."

रविवारी दुपारी ऊन तापलं म्हणून अण्णांनी पडदे ओढले. खोलीत टाकीचा दिवा तेवढा होता. दुसरं बघायला काही नव्हतंच, म्हणून आम्ही दोघंही टाकीकडे बघत बसलो होतो. आणि पुन्हा तो आवाज आला. टक.

दगडाच्या एका भोकातून दोन डोळे वर आले. काड्यांवर टोचल्यासारखे, एक इकडे बघतोय, एक तिकडे. मागून बोटभर लांब, मातकट हिरवं काहीतरी, कोळंबीसारखं. तो तोतया पिवळा बिचारा समोरून चालला होता. मला वाटतं पापणी लवली असेल नसेल, त्या जिवानं पुढचे पाय हातोडीसारखे हाणले, टक, आणि मासा उलटा झाला. दुसऱ्या क्षणी तो भोकात ओढला गेला. पाण्यात एक खवला फिरत राहिला, मग तोही खाली बसला.

माझ्या सोयीसाठी आणलं होतं मी त्याला. मी तोंडावर हात धरून रडायला लागले.

अण्णांनी काय केलं असेल? खुंटीवरची जुनी शिट्टी घेतली आणि छाती फुटेस्तोवर वाजवली. तुरुंगात गडबड झाली की वाजवतात तशी. सगळा मजला गोळा झाला. काकू सगळ्यांत पुढे, हातात लाटणं, जाळीवर धडाधड मारत, "काय झालं हो? पोरगी बरी आहे ना?" अण्णांनी गडबडीत कुलूप काढलं, दोन्ही कड्या काढल्या आणि सगळ्यांना टाकीपाशी नेलं. ओरडत होते, "आत आहे! आत आहे!"

दार सताड उघडं. मी दारापासून चार पावलांवर. बॅग पलंगाखाली, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. लाख वेळा मनात घोकलेला क्षण, आणि समोर पाटी. एकूण तीन, हजर दोन. मी गेले असते तर संध्याकाळी त्या दोनाचा एक झाला असता आणि मरेपर्यंत रोज, साडेसहाला, माझी गैरहजेरी लागली असती. मी जागची हलले नाही. काकूंनी मागे वळून बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, "वेडी आहेस."

दुकानदाराला बोलावलं. त्यानं कानातलं यंत्र चालू केलं, बॅटरी मारून भोकात बघितलं आणि मान हलवली. "ही हातोडी आहे. आम्ही हातोडीच म्हणतो. असल्या दगडातूनच येते."

"कधी शिरली आत?" अण्णांनी विचारलं.

"शिरली कुठे? पहिल्या दिवसापासून आहे. तुम्हीच घेऊन आलात की."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू म्हणाल्या. "आणि म्हणे माझी मांजर!"

अण्णा खुर्चीवर बसले. चिमटे लावलेली मच्छरदाणी, तार बांधलेल्या खिडक्या, दोन कड्या, सगळीकडे एकदा त्यांची नजर फिरली. "म्हणजे कोणीच पळालं नव्हतं," ते म्हणाले. "मी त्यांना आत कोंडून बाहेर पहारा देत होतो." दुकानदार म्हणाला, दगड बाहेर काढून भोकात उकळतं पाणी ओतलं की काम तमाम. अण्णा म्हणाले, "नको. त्याला मीच आणलंय." उरलेले एक आणि दोन नंबर दुकानदार पिशवीत घालून परत घेऊन गेला. त्या संध्याकाळी अण्णांनी कुलूप लावलं, पण "हजर?" विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला मी उठले तर ते टेबलाशी बसलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. पुढ्यात माझं पत्र, माझा फोन आणि वही.

"बॅग घेऊन ये. उभी राहा."

मी उभी राहिले. त्यांनी पत्रावरचं माझं नाव मोठ्यानं वाचलं. "हजर," मी म्हटलं. वडिलांचं नाव विचारलं. स्वतःचंच. मी सांगितलं. मग म्हणाले, "ओळखखूण?" आणि मी तोंड उघडण्याआधी, वर न बघता, त्यांनी स्वतःच लिहिलं: "हनुवटीखाली व्रण. पाच वर्षांची असताना क्वार्टरच्या पायरीवरून पडली." पेन थांबलं. "मी ड्यूटीवर होतो तेव्हा."

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. "कागद आहे. कागदावर माणूस सुटतो." उठले, कुलूप काढलं, खालची कडी, वरची कडी. खालच्या कडीसाठी वाकायला त्यांना वेळ लागला. मी त्यांच्या पाया पडावं, मिठी मारावी, काहीतरी करावं असं वाटत होतं, पण आमच्या घरात तसलं काही कधी केलं नव्हतं. "गोळ्या डब्यात आहेत," एवढंच म्हणाले मी. "माहीत आहे," ते म्हणाले.

नवी लॅब चांगली आहे. वरच्या खोलीला खरंच मोठी खिडकी आहे, जाळी नाही. पहिल्या दिवशी पाच वाजल्यापासून मला घाम फुटायला लागला, सहाला पाय आपोआप बसस्टॉपकडे वळायला लागले. जिना चढून खोलीत आले, दार लावलं, मग उघडलं, मग पुन्हा लावलं. साडेसहा झाले. फोन वाजेल म्हणून हातात धरून उभी राहिले. वाजला नाही. सहा पस्तीसला मीच लावला.

"अण्णा?" मी म्हटलं, आणि पुढे दुसरं काही सुचेना. "हजर?"

मागे पंपाचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "हजर."

"टाकीत काय आहे आता?"

"तो एकटाच आहे. भोकातून बघतो माझ्याकडे. मी त्याच्याकडे."

"आणि पाटीवर काय लिहिलंत?"

"तुझा कागद होता. तुला कमी केलं." मग जरा थांबून म्हणाले, "त्याचा कागद नव्हता. आज मीच लिहिला. अठरा वर्षं राहिला होता."

मी खिडकीत बसले. दादाला कळवायला हवं होतं, पण मला उठता येईना.

पलीकडून खडू पाटीवर घासल्याचा आवाज आला. मग अण्णांनी घसा साफ केला आणि बराकीपुढे उभं राहून म्हणत असतील तसं, खणखणीत म्हणाले, "एकूण एक. हजर एक. गिनती बराबर."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच आमच्या पाटीवरचा आकडा जुळला होता, आणि तो चुकलेलाच राहायला हवा होता असं मला वाटत होतं.